युसूफ इस्लाम यांची गिटार

युसूफ इस्लाम हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते गायक म्हणून नाही. नव्वदच्या दशकात आमच्याकडे इज्तेमा भरला की मंडपाबाहेर अत्तर, टोप्या, मिसवाक आणि तस्बीहच्या शेजारी पातळ पुस्तिका विकायला असत. त्यांत नव्याने मुसलमान झालेल्या लोकांच्या हकिगती असायच्या. अशाच एका पुस्तिकेत लंडनच्या एका पॉप गायकाची गोष्ट होती. प्रसिद्धी होती, पैसा होता, मनाला चैन नव्हतं. मग हातात कुरआन आला, त्याने कलमा पढला, गिटार विकून टाकली आणि गाणं कायमचं सोडलं. पुस्तिका इथे संपायची. हा माणूस गात काय होता, याबद्दल तिच्यात एक ओळ नव्हती.

पुढे कॉलेजला पुण्यात आलो. हॉस्टेलवर शेजारच्या खोलीत एक मुलगा रात्री इंग्रजी कॅसेट लावायचा. त्यातलं एक गाणं बापलेकाच्या संवादाचं होतं. बाप खालच्या पट्टीत समजावतो, मुलगा वरच्या पट्टीत घर सोडून जायचं म्हणतो, आणि दोघांचे आवाज एकाच गायकाचे. शब्द निम्मे कळत नव्हते, पण भांडण कळत होतं. गायकाचं नाव विचारलं तर तो म्हणाला, कॅट स्टीव्हन्स. हाच पुस्तिकेतला माणूस, हे कळायला मला आणखी दोनेक वर्षं लागली. कळलं तेव्हा थोडा रागच आला. इतकी मोठी गोष्ट माझ्यापासून का लपवली होती?

हे सगळं पुन्हा आठवलं ते जून २०२३मध्ये. इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात रविवारी दुपारी एका ज्येष्ठ कलाकाराला मुख्य मंचावर मानाने बोलावतात. त्या वर्षी युसूफ यांना बोलावलं होतं. महिन्याभरात पंचाहत्तरी गाठणारा पांढऱ्या दाढीचा माणूस गिटार घेऊन उभा आणि समोर हजारो लोक त्याची पन्नास वर्षांपूर्वीची गाणी म्हणताहेत. व्हिडिओ आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि अर्ध्या तासात वाद पेटला. एकाने ‘माशाअल्लाह’ लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, ‘शेवटी सैतान जिंकला.’ तिसऱ्याने तर कौमची बदनामी झाली म्हणून टाकलं. या तिघांपैकी कुणीही त्यांचं एखादं गाणं पूर्ण ऐकलं असेल, असं मला वाटत नाही. म्हणून आधी गाण्यांबद्दल लिहितो.

स्टीव्हन दिमित्री जॉर्जिऊ हे त्यांचं मूळ नाव. जन्म २१ जुलै १९४८, लंडनचा. वडील सायप्रसचे ग्रीक, आई स्वीडनची. शाफ्ट्सबरी अव्हेन्यूच्या टोकाला घरच्यांचं रेस्टॉरंट होतं आणि वरच्या मजल्यावर बिऱ्हाड. तो भाग नाटकगृहांचा. खाली गिऱ्हाइकं, बाहेर रोषणाई, अशा घरात हा मुलगा वाढला. १९६६मध्ये त्यांचं पहिलं सिंगल आलं. १९६७च्या सुरुवातीला ‘मॅथ्यू अँड सन’ ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. वय अठरा. त्याच सुमारास ‘द फर्स्ट कट इज द डीपेस्ट’ हे स्वतः लिहिलेलं गाणं त्यांनी पी. पी. अर्नॉल्ड या गायिकेला तीस पौंडांत दिल्याचं सांगतात. तिच्या आवाजात ते त्याच वर्षी ब्रिटनमध्ये पहिल्या विसांत गेलं. या गाण्याकडे पुन्हा यायचं आहे.

मग क्षयाने गाठलं. विशीही ओलांडली नव्हती. काही महिने इस्पितळात, त्यानंतर बराच काळ घरात विश्रांती. टीबी म्हणजे काय ते आपल्याकडच्या लोकांना सांगायला नको. यंत्रमागाच्या गावांत आणि बिडी कारखान्यांच्या वस्त्यांत प्रत्येक गल्लीने तो पाहिला आहे. त्या सक्तीच्या एकांतात त्यांनी ध्यानधारणेची आणि धर्मांची पुस्तकं वाचली, दाढी वाढवली आणि गाण्यांचा ढीग लिहिला. बाहेर आलेला गायक वेगळा होता. आधीच्या गाण्यांवर बँडचा आणि ब्रासचा मोठा थाट चढवलेला असायचा, जो त्यांना कधी आवडला नव्हता. आता एक गिटार, सोबतीला ॲलन डेव्हिस यांची दुसरी, आणि निर्माता म्हणून यार्डबर्ड्सचे जुने बासवादक पॉल सॅमवेल-स्मिथ.

त्यानंतरची चार-पाच वर्षं कुणालाही हेवा वाटावा अशी. १९७०च्या अखेरीस ‘टी फॉर द टिलरमन’ आला आणि अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत आठव्या क्रमांकापर्यंत पोचला. १९७१चा ‘टीझर अँड द फायरकॅट’ दुसऱ्या क्रमांकावर. १९७२चा ‘कॅच बुल ॲट फोर’ थेट पहिल्या क्रमांकावर, आणि तीन आठवडे तिथेच. १९७४चा ‘बुद्धा अँड द चॉकलेट बॉक्स’ पुन्हा दुसरा. सिंगल्समध्ये ‘पीस ट्रेन’ सातवं, ‘मॉर्निंग हॅज ब्रोकन’ सहावं. हे आकडे मुद्दाम देतोय. आमच्या पुस्तिकेत ‘मोठा गायक’ एवढे दोनच शब्द होते. किती मोठा, ते यावरून कळावं.

यातलं ‘मॉर्निंग हॅज ब्रोकन’ मला सगळ्यात विलक्षण वाटतं. शब्द त्यांचे नाहीत. एलिनॉर फार्जन या कवयित्रीने १९३१ साली लिहिलेलं ते चर्चमधलं प्रार्थनागीत आहे आणि चाल स्कॉटलंडची जुनी लोकधून. पियानोवर रिक वेकमन, जे पुढे स्वतःच मोठे झाले. अल्बमसाठी गाणी कमी पडत होती म्हणून हे घेतलं. म्हणजे ग्रीक बापाच्या मुलाने इंग्रज बाईची ख्रिस्ती प्रार्थना स्कॉटिश चालीवर गायली आणि पुढे तो मुसलमान झाला. सकाळ झाली, त्याबद्दल निर्मात्याचे आभार, एवढाच त्या गाण्याचा आशय. फजरच्या नमाजला उठणाऱ्या माणसाला त्यात परकं वाटावं असं काही सापडत नाही. आजही ते हे गाणं गातात.

आणि ते बापलेकाचं गाणं, ‘फादर अँड सन’. ते मुळात रशियन क्रांतीवरच्या एका संगीत नाटकासाठी लिहिलं होतं. शेतकऱ्याच्या पोराला क्रांतीत सामील व्हायचंय आणि बाप म्हणतोय, थांब, घाई नको. नाटक रंगभूमीवर आलंच नाही. गाणं मागे उरलं आणि जगातल्या प्रत्येक बापाचं आणि पोराचं झालं. माझंही. अब्बांना मी दुकानात बसावं असं वाटायचं.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियात मालिबूच्या किनाऱ्यावर पोहताना ते बुडता बुडता वाचले. वाचलो तर तुझ्यासाठी काम करीन, असं त्यांनी त्या क्षणी खुदाला म्हटलं, हे त्यांनीच वारंवार सांगितलंय. त्यानंतर मोठ्या भावाने जेरुसलेमच्या सफरीहून येऊन त्यांना कुरआनचा अनुवाद भेट दिला. वाचत वाचत ते ‘यूसुफ’ सूरेपाशी थांबले. भावांनी विहिरीत टाकलेल्या, बाजारात विकल्या गेलेल्या पैगंबराची ती गोष्ट. बाजारात विकला जाणं म्हणजे काय, हे पॉप गायकाला कुणी समजावून सांगायला नको. डिसेंबर १९७७मध्ये लंडनच्या रीजेंट्स पार्क मशिदीत त्यांनी शहादा दिली. १९७८मध्ये ‘बॅक टू अर्थ’ हा शेवटचा अल्बम आला, पण त्याच्या प्रचाराला गायकच बाहेर पडला नाही. नोव्हेंबर १९७९मध्ये वेम्बलीत युनिसेफसाठी झालेल्या कार्यक्रमात ते गायले आणि मग थांबले. गिटारींचा लिलाव करून पैसा दानात दिला.

पुढचा पॉप अल्बम आला २००६मध्ये. मधे अठ्ठावीस वर्षं.

या अठ्ठावीस वर्षांबद्दल दोन गोष्टी सांगितल्या जातात. पश्चिमेतला संगीत पत्रकार म्हणतो, धर्माने एक कलावंत गिळला. आमची पुस्तिका म्हणते, धर्माने एक कलावंत वाचवला. दोघेही धरून चालतात की त्या काळात काही घडलंच नाही. प्रत्यक्षात त्यांनी १९८३मध्ये लंडनच्या ब्रेंट भागात मूठभर मुलांना घेऊन इस्लामिया शाळा काढली. ख्रिस्ती आणि ज्यू शाळांना सरकारी अनुदान मिळतं तर मुसलमानांच्या शाळेला का नाही, यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले. १९९८मध्ये अनुदान मिळालं, आणि सरकारी मदत मिळवणाऱ्या ब्रिटनमधल्या पहिल्या मुस्लिम शाळांत ती गणली गेली. अनुदानासाठी जिल्हा परिषदेच्या फेऱ्या मारलेल्या आमच्याकडच्या संस्थाचालकांना यातली चिकाटी कळेल. बोस्नियाच्या युद्धकाळात त्यांनी मदत पोचवली. लहान मुलांसाठी अलिफ-बेच्या गाण्यांचा अल्बम केला, पण त्यात फक्त आवाज आणि ताल. तारेचं वाद्य नाही.

आणि गंमत म्हणजे यादीने त्यांना सोडलं नव्हतंच. तीस पौंडांत गेलेलं ते ‘फर्स्ट कट’ रॉड स्ट्युअर्ट यांनी गायलं आणि १९७७मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं, म्हणजे युसूफ यांनी कलमा पढला त्याच वर्षी. ‘वाइल्ड वर्ल्ड’ १९७०मध्ये जिमी क्लिफ यांनी गाजवलं होतं, १९८८मध्ये मॅक्सी प्रीस्ट यांनी ते पुन्हा पहिल्या पाचांत नेलं. ‘फादर अँड सन’ १९९५मध्ये बॉयझोन या आयरिश पोरांनी दुसऱ्या क्रमांकावर पोचवलं. ‘फर्स्ट कट’ २००३मध्ये शेरिल क्रो यांनी अमेरिकेत पुन्हा चालवलं. एका माणसाने तोंड बंद ठेवलं आणि इतरांच्या तोंडून तो गातच राहिला. रॉयल्टी येत राहिली, आणि त्यातून शाळेलाही पैसा गेला. तेव्हा ‘गाणं हराम, पण शाळा आमची शान’ म्हणणाऱ्यांनी वर्गाच्या भिंतींतल्या विटा कुठून आल्या, तेही एकदा पाहावं.

एक पान मात्र झाकून पुढे जाता येणार नाही. फेब्रुवारी १९८९. खोमेनींनी सलमान रश्दींविरुद्ध फतवा काढला. त्यानंतर किंग्स्टनमधल्या विद्यार्थ्यांपुढे बोलताना युसूफ यांनी ईशनिंदेच्या शिक्षेबद्दल जे उत्तर दिलं, ते रश्दींच्या मृत्यूचं समर्थन म्हणून जगभर छापून आलं. मी फक्त धर्मशास्त्रातला नियम सांगितला, कुणालाही कायदा हातात घ्यायला सांगितलं नाही, असा त्यांचा खुलासा होता. पण त्याच वर्षी ब्रिटिश टीव्हीवर ते पुन्हा याच विषयावर बोलले आणि तेही तितकंच वाईट होतं. तो विनोदाचा भाग होता, असं ते नंतर म्हणाले. मला हा खुलासा पुरेसा वाटत नाही. ज्या माणसाने शांततेच्या आगगाडीचं गाणं लिहिलं, त्याने एखाद्या लेखकाच्या जिवाबद्दल विनोद करू नये. ‘टेन थाउजंड मॅनियॅक्स’ या अमेरिकन बँडने ‘पीस ट्रेन’ची आपली आवृत्ती अल्बममधून काढून टाकली. अनेक रेडिओ स्टेशनांनी त्यांची गाणी लावणं थांबवलं.

लंडनपासून तो वाद आपल्या दारातही आला होता. २४ फेब्रुवारी १९८९ला मुंबईत याच पुस्तकाविरुद्धचा मोर्चा ब्रिटिश कचेरीकडे निघाला असताना पोलिसांनी गोळीबार केला आणि डझनभर माणसं मेली. ज्यांनी ते पुस्तक पाहिलंही नव्हतं, अशा घरांतले जनाजे उठले. पुस्तक तर भारतात आदल्या वर्षीच बंद झालं होतं. मोठ्या माणसाच्या तोंडून सहज निघालेल्या वाक्याची किंमत कोण चुकवतं, ते आपल्याला भेंडीबाजारातून जास्त नीट दिसतं.

गिटार परत कशी आली, ती हकिगत साधी आहे. मुलाने घरात एक गिटार आणून ठेवली. एका पहाटे, घर झोपलेलं असताना, बापाने ती उचलली आणि बोटं आपोआप जुन्या जागी गेली. हे त्यांनी स्वतःच सांगितलंय. ‘फादर अँड सन’ लिहिणाऱ्याच्या घरात पोराने बापाला बाहेरची वाट दाखवावी, यावर मी काही जोडत नाही. त्याआधी ऑक्टोबर २००१मध्ये, न्यूयॉर्कच्या हल्ल्यातल्या बळींसाठी झालेल्या कार्यक्रमात त्यांचं ‘पीस ट्रेन’ चित्रफितीवरून दाखवलं गेलं होतं, वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्याने. तीन वर्षांनी त्याच अमेरिकेने लंडनहून वॉशिंग्टनला निघालेलं त्यांचं विमान बँगोरला वळवून त्यांना परत पाठवलं, कारण नाव संशयितांच्या यादीत होतं. बिलबोर्डच्या यादीत तीन आठवडे पहिला राहिलेला माणूस असा वेगळ्याच यादीत जाऊन बसला. आडनावावरून भाड्याचं घर नाकारलं गेलेल्या आपल्या पोरांना यात नवं काही नाही.

२००६मध्ये ‘ॲन अदर कप’ आला, नाव फक्त ‘युसूफ’. ब्रिटनमध्ये तो पहिल्या विसांत गेला. त्याच डिसेंबरात ऑस्लोमध्ये मुहम्मद युनूस यांच्या नोबेलच्या संगीत सोहळ्यात ते गायले. २००९चा ‘रोडसिंगर’ पहिल्या दहांत. २०१४मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, आणि १९७६नंतर पहिल्यांदाच अमेरिकेचा दौरा. २०१७च्या ‘द लाफिंग ॲपल’वर ‘युसूफ / कॅट स्टीव्हन्स’ अशी दोन्ही नावं शेजारी शेजारी छापली. या नव्या अल्बमांतली सगळीच गाणी चांगली आहेत, असं मी म्हणणार नाही. काही उपदेशाकडे झुकतात, काही तर दुसऱ्यांदा ऐकवत नाहीत. जुन्या गाण्यांत प्रश्न होते. उत्तर मिळालेल्या माणसाला चांगलं गाणं लिहिणं जड जातं की काय, अशी शंका मला येते. तरी आवाज तोच आहे, थोडा खरखरीत झालेला.

आता तो ग्रुपवरचा ‘सैतान’. संगीत हलाल की हराम, हा वाद हजार वर्षांहून जुना आहे आणि ग्रुपवर मिटणारा नाही. कुरआनात संगीत हा शब्द घेऊन बंदी नाही. सूरे लुकमानच्या एका आयतीत ‘लह्व-अल-हदीस’ असे शब्द आहेत. इब्ने मसऊद यांच्यासारखे सहाबी त्याचा अर्थ गाणं असा लावत. बुखारीत वाद्यांविरुद्ध हदीस आहे. इब्ने हज्म यांनी तिची सनद तुटलेली ठरवली. इमाम गझालींनी ‘इहया’मध्ये समावर अख्खं प्रकरण लिहिलं आणि अटींसह त्याला मान्यता दिली. देवबंदचे उलेमा मात्र वाद्यांच्या विरोधात ठाम आहेत. म्हणजे मतभेद आहे, आणि तो मोठमोठ्या लोकांत आहे. खुद्द युसूफ यांनी आधी कडक बाजू धरली, मग वाचत, विचारत ती सैल केली आणि मी अजून गिटार का बाळगतो, यावर एक छोटं पुस्तकच लिहिलं. दोन्ही वेळा त्यांनी प्रामाणिकपणेच ठरवलं, असं मला वाटतं. पण पहिल्या निर्णयाच्या पुस्तिका आम्ही गावोगाव वाटल्या. दुसऱ्या निर्णयाची एकही प्रत मी कुठल्या इज्तेमाबाहेर पाहिली नाही.

हा दुजाभाव मला बोचतो, कारण तो लंडनच्या माणसापुरता नाही. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, दर्ग्याच्या आवारात विसावले. त्यांच्या नावाने आजही तिथे उरुसात गाणं होतं. त्याच मिरजेत मुसलमान कारागीर पिढ्यान् पिढ्या भोपळ्यांच्या सतारी आणि तंबोरे घडवत आले. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल शाहीर अमर शेख झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभा त्यांच्या डफाशिवाय सुरू होत नसत. लग्नाच्या वरातीत क्लॅरिनेट आणि ट्रंपेट वाजवणारे निम्मे चेहरे कोणाचे असतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि तरी आमच्या गल्लीतला बँडवाल्याचा मुलगा, ज्याचा कान सोन्याचा आहे, मागच्या वर्षी मला म्हणाला, ‘चाचा, मैंने कीबोर्ड बेच दिया. सब बोलते हैं गुनाह है.’ मी विचारलं, सब म्हणजे कोण? त्याने मोबाइल दाखवला. स्क्रीनवर तीच जुनी गोष्ट होती, आता रील झालेली. गिटार विकली, गाणं सोडलं, समाप्त.

मी त्याला काय हलाल, काय हराम हे सांगितलं नाही. तो माझा अधिकार नाही. फक्त म्हटलं, बेटा, ही गोष्ट १९७९ला थांबलीय, पुढचीही बघ, मग काय ते ठरव. आणि त्याला ‘टी फॉर द टिलरमन’ची २०२०ची नवी आवृत्ती लावून दिली. पन्नास वर्षांनी युसूफ यांनी तो अख्खा अल्बम पुन्हा गायलाय. त्यात ‘फादर अँड सन’मध्ये बापाचा आवाज सत्तरी ओलांडलेल्या युसूफ यांचा आहे. मुलाचा आवाज मात्र नव्याने गायलेला नाही. १९७०मध्ये लॉस एंजेलिसच्या ट्रुबाडूर क्लबमध्ये ध्वनिमुद्रित झालेला, बावीस वर्षांच्या कॅट स्टीव्हन्सचा तो आवाज तसाच उचलून बसवलाय. पोराने इअरफोन कानात घातले. इंग्रजी त्याला माझ्याइतकंही येत नाही. दुसऱ्या कडव्यात आवाज बदलला तसा तो सरळ होऊन बसला आणि म्हणाला, ‘ये दूसरा कौन है?’